काढणारा कोण, ते आधी ठरव

श्वासनळीत स्टेंट घालायला शिकलीस, याचा मला मनापासून आनंद आहे. तुझ्या जिल्ह्याच्या गावातल्या रुग्णालयात आता दुर्बीण आली आहे, ऑर्थोपेडिकवाल्यांचं सी-आर्म हवं तेव्हा मिळतं, भूलतज्ज्ञही धीराचा आहे. पहिला पेशंट कधी येतो असं तुला झालंय, हे फोनवरच्या आवाजात ऐकू आलं. म्हणून हे आत्ताच सांगून ठेवते. जो स्टेंट काढायची सोय तुझ्याकडे नाही आणि दोन-तीन तासांच्या अंतरावरही नाही, तो घालू नकोस. घालणं अर्ध्या-पाऊण तासाचं काम आहे. नंतर तो अडकतो, सरकतो, त्याच्या टोकांशी मांस वाढतं, आतून कफ चिकटतो, आणि हे सगळं बहुतेक वेळा रात्रीच होतं. त्या रात्री पेशंट तुझ्याच कॅज्युअल्टीत येणार. तेव्हा कुणाला फोन करायचा, रिजिड ब्रॉन्कोस्कोप कुठे आहे, तो चालवणारा माणूस कोण, हे ठरल्याशिवाय स्टेंटची ऑर्डर द्यायची नाही.

आधी नळीचा हिशेब डोक्यात पक्का कर. मोठ्या माणसाची मुख्य श्वासनळी साधारण १० ते १२ सेंटिमीटर लांब असते आणि आतून १५ ते २० मिलिमीटर रुंद. ती ८ मिलिमीटरवर येईपर्यंत पेशंट फारशी तक्रार करत नाही. त्यानंतर जिना चढताना, डोक्यावर हंडा घेताना दम लागतो. ५ मिलिमीटरवर आली की बसल्या जागी धाप आणि घशातून आवाज. व्यास निम्मा झाला की हवेला होणारा अडथळा दुप्पट नव्हे, सोळापट होतो. म्हणून काल ओपीडीत चालत आलेला माणूस आज पहाटे निळा पडतो. मधे घडलेलं एवढंच असतं की त्या उरलेल्या पाच मिलिमीटरमध्ये एक घट्ट बेडका बसला. अशा पेशंटला ‘पुढच्या बुधवारी या’ म्हणायचं नाही.

तुझ्या गावात तू सर्वांत मोठा उपयोग करशील तो स्टेंट घालून नव्हे, ओळखून. हे पेशंट दम्याचं लेबल लावून येतात. पिशवीत दोन-तीन इनहेलर, स्टेरॉइडच्या गोळ्या, तीन डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, आणि फरक शून्य. दम्याची घरघर छातीभर, वेगवेगळ्या सुरांत ऐकू येते आणि तासातासाला बदलते. नळी एका जागी अडली असेल तर एकाच सुरातली पिपाणी वाजते आणि ती औषधाने हलत नाही. स्टेथोस्कोप गळ्यावर ठेव. छातीपेक्षा गळ्यावर आवाज मोठा असेल तर तिथेच थांब आणि विचार कर. पेशंटला तोंड उघडून जोरात श्वास घ्यायला आणि सोडायला सांग. शांत बसलेल्या माणसाचा जो आवाज ऐकू येत नाही, तो असा ऐकू येतो. स्पायरोमेट्री करता आली तर नुसते आकडे पाहू नकोस, आलेखाचा आकार पाहा. अडथळा पक्का असेल तर श्वास आत घेतानाची आणि बाहेर सोडतानाची अशा आलेखाच्या दोन्ही बाजू सपाट होतात. मशीन तुझ्याकडे आहेच. तो आलेख छापला जातो आणि कुणी पाहत नाही.

बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर ९८ दिसलं म्हणून निश्चिंत होऊ नकोस. मोठ्या नळीच्या अडथळ्यात ऑक्सिजनचा आकडा शेवटपर्यंत चांगला राहू शकतो, विशेषतः नाकाला ऑक्सिजन चालू असेल तर. आकड्याऐवजी माणूस पाहा. तो पूर्ण वाक्य बोलतो का? मानेचे स्नायू ओढले जातात का? रात्री उशा किती लागतात? शेवटचा पोटभर झोपला कधी? हे बायकोला किंवा आईला विचार, पेशंट नीट सांगत नाही.

आणि एक प्रश्न प्रत्येकाला विचारायचाच: गेल्या वर्षभरात कधी व्हेंटिलेटरवर होता का? आपल्याकडे फवारणीचं औषध पोटात गेलेले शेतकरी आणि त्यांच्या घरातली तरुण मुलं दोन-दोन, तीन-तीन आठवडे नळीवर असतात. वाचतात, घरी जातात, सगळे देवाचे आभार मानतात. मग महिना-दोन महिन्यांनी दम लागू लागतो. त्यांना कुणी मागचं विचारत नाही, आणि घरचेही आपणहून सांगत नाहीत. विषाची गोष्ट घरात पुन्हा काढायची नसते. तू बाकीच्यांना बाहेर पाठव आणि आवाज खाली आणून विचार. २०२० आणि २०२१ च्या कोविडमध्ये नळीवर राहिलेल्यांच्या बाबतीतही हेच झालं. नळीच्या फुग्याने आतली कातडी दबली, रक्तपुरवठा थांबला, जखम झाली आणि भरताना श्वासनळी आवळली.

याच कारणाने एक काम उद्यापासून सुरू कर, त्याला स्टेंटइतका पैसा लागत नाही. तुमच्या आयसीयूत फुग्याचा दाब मोजायचं छोटं मॅनोमीटर आहे का ते बघ. नसेल तर मागव. दाब २० ते ३० सेंटिमीटर पाण्याच्या दरम्यान राहायला हवा, आणि तो दर शिफ्टला मोजून तक्त्यात लिहायला हवा. बोटाने फुगा दाबून ‘ठीक आहे’ म्हणणं चालणार नाही. बोटाला तो फरक कळत नाही. सिस्टरना का मोजायचं ते एकदा नीट समजावून सांग, शक्य असेल तर आवळलेल्या नळीचा दुर्बिणीतला फोटो दाखव. माझा अनुभव आहे, एकदा तो फोटो पाहिलेली सिस्टर पुन्हा कधी मोजायची चुकत नाही. तुझ्या हातून जितके स्टेंट घातले जातील, त्याहून जास्त श्वासनळ्या या एका तक्त्याने वाचतील.

आता पेशंट समोर धापा टाकतोय असं धर. त्याला आडवा करू नकोस. बसवून ठेव, ऑक्सिजन दे, अ‍ॅड्रेनालिनचं नेब्युलायझेशन आणि स्टेरॉइडचं इंजेक्शन सूज थोडी उतरवतात आणि तुला वेळ मिळवून देतात. घाबरलाय म्हणून झोपेचं इंजेक्शन द्यायचं नाही. तो स्वतःच्या जोरावर श्वास ओढतोय, तोच जोर आपण काढून घेऊ. सीटी हवाच, पण टेबलावर सपाट झोपता येत नसेल तर स्वतः सोबत जा, भूलतज्ज्ञाला घेऊन जा, आणि फक्त फोटोसाठी जीव पणाला लावू नकोस. छातीत मोठी गाठ असलेल्या पेशंटला स्नायू ढिले करणारं औषध देण्याआधी शंभरदा विचार करायचा असतो, हे भूलतज्ज्ञाला माहीत असतं. पण घाईत त्याला त्याची आठवण करून द्यायचं काम तुझं. स्वतःचा श्वास चालू ठेवून भूल द्यायची, आणि रिजिड स्कोप उघडून, दिवा लावून, टेबलावर तयार ठेवायचा.

घाबरून ट्रेकिऑस्टॉमी करायच्या आधी अडथळा कुठे आहे ते पाहा. तो खाली, नळीच्या दुभाजकाजवळ असेल तर गळ्याला भोक पाडून काहीच साधत नाही. हवा तिथून पुढे अडतेच. आणि व्हेंटिलेटरनंतर आवळलेल्या नळीत ट्रेकिऑस्टॉमी टाळता येण्यासारखी नसेल, तर कान-नाक-घसावाल्या मित्राला सांग की शक्य तर आवळलेल्या भागातूनच कर. निरोगी कड्या पुढे शस्त्रक्रियेसाठी लागतात. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये हर्मीस ग्रिलो यांनी आयुष्य या एका शस्त्रक्रियेला दिलं. आवळलेला तुकडा कापून दोन्ही टोकं जोडायची. तरुण, अन्यथा निरोगी माणसासाठी तोच खरा इलाज आहे. विष प्यायलेल्या बावीस वर्षांच्या मुलाला तू घाईने स्टेंट घातलास, तर त्या स्टेंटच्या टोकांशी नवी इजा होते, आवळलेला भाग लांबतो आणि सर्जनला जोडायला नळी उरत नाही. त्या मुलाला फुग्याने नळी ताणून श्वास मोकळा करून दे आणि सर्जनकडे पाठव. सर्जन नाही म्हणाला, तरच पुढचा विचार.

अशीच काही माणसं आहेत ज्यांना स्टेंटची गरज वाटते पण नसते. लिम्फोमाने नळी दाबली असेल तर गाठीचा तुकडा तपासायला घे, आणि औषधं सुरू झाली की काही दिवसांत नळी मोकळी होऊ लागते. मोठ्या गलगंडाने दाबली असेल तर सर्जन. क्षयाने डावी मुख्य नळी आवळलेली तरुण मुलगी तुझ्याकडे नक्की येईल. डाव्या बाजूला एकाच सुरातली घरघर, बेडका कधी सापडतो कधी नाही. क्षयाची औषधं पूर्ण कर, मधे दुर्बिणीतून पाहत राहा, लागेल तसं ताणत राहा. तिच्यापुढे चाळीस वर्षं आहेत. तिच्या नळीत धातूची जाळी ठेवायची नाही.

हे मी अनुभवाने सांगतेच, पण नुसतं माझं म्हणणं नाही. अमेरिकेच्या एफडीएने २००५ च्या जुलैमध्ये डॉक्टरांना लेखी इशारा दिला: कॅन्सर नसलेल्या आजारात श्वासनळीत धातूचे स्टेंट, बाकी सगळे उपाय संपल्याखेरीज, घालू नका. उघड्या जाळीतून आतली कातडी काही आठवड्यांत वाढते, जाळी तिच्यात गाडली जाते, आणि काढायला गेलं की नळी फाटते, रक्त येतं, तारा तुटून तुकड्यातुकड्यांनी येतात. ज्यांनी हे काढले आहेत त्यांना विचार, ते काय सांगतात ते ऐक. मार्सेच्या ड्युमाँ यांनी १९९० साली सिलिकॉनचा खास श्वासनळीसाठीचा स्टेंट मांडला, ज्याच्या बाहेरून छोटे उंचवटे असतात, सरकू नये म्हणून. तो काढता येतो, बदलता येतो, स्वस्तही पडतो. पण तो बसवायला रिजिड स्कोप आणि पूर्ण भूल लागते. धातूचा, आवरण असलेला, आपोआप फुलणारा स्टेंट साध्या लवचीक दुर्बिणीने तारेवरून बसवता येतो, आणि म्हणूनच लहान रुग्णालयांना तो हवासा वाटतो. सोपं बसतं हे कारण पुरेसं नाही. कॅन्सरने बाहेरून दाबलेली नळी, किंवा अन्ननलिका आणि श्वासनळी यांच्यात पडलेलं भोक, एवढ्यासाठी तो तुझ्याजवळ असू दे.

कॅन्सरमध्येही आधी पाहा की गाठ नळीच्या आत वाढली आहे की बाहेरून दाबते आहे. आत असेल तर आधी ती कापून, जाळून, खरवडून काढायची. कित्येकदा मग स्टेंट लागतच नाही. जाळताना भूलतज्ज्ञाने ऑक्सिजन ४० टक्क्यांच्या खाली आणला आहे ना, हे तोंडाने विचार आणि त्याच्या तोंडून ‘हो’ ऐकल्यावरच पाय पेडलवर ठेव. नळीत आग लागते, आणि सिलिकॉन आणि आवरणाचा स्टेंट दोन्ही पेटतात. अडथळ्याच्या पलीकडचं फुप्फुस जिवंत आहे का, तेही पाहा. महिनोन्‌महिने बसून गेलेल्या फुप्फुसाची वाट उघडून फारसं काही मिळत नाही. माप सीटीवर घे आणि दुर्बिणीने पुन्हा घे. स्टेंट गाठीच्या दोन्ही टोकांपलीकडे साधारण ५ ते १० मिलिमीटर जायला हवा, आणि रुंदीला नळीपेक्षा एक-दोन मिलिमीटर जास्त. जास्त मोठा घेतलास तर टोकाशी मांस वाढेल, लहान घेतलास तर खोकल्यासरशी निसटेल. स्वरतंतूंच्या अगदी जवळ बसवू नकोस. दुभाजकावर इंग्रजी वाय आकाराचा स्टेंट लागत असेल तर मोठ्या केंद्राकडे पाठव. तिथे शिकायला म्हणून स्वतः सोबत जा.

अन्ननलिकेच्या कॅन्सरचा पेशंट गॅस्ट्रोवाल्याकडे असतो. गिळता येत नाही म्हणून तो अन्ननलिकेत स्टेंट घालायला निघतो. त्याला आधीच सांगून ठेव की मधल्या भागातल्या गाठीत स्टेंट फुलवण्याआधी श्वासनळी मला दाखव. अन्ननलिकेतला स्टेंट फुलला की पुढची श्वासनळी दाबली जाऊ शकते. दोन्ही लागणार असतील तर श्वासनळीचा आधी. हे बोलणं ओपीडीच्या मधल्या चहाला होऊन जाऊ दे, ऑपरेशन थिएटरमध्ये नव्हे.

आता घरचं. माझ्या मते सगळं इथेच ठरतं आणि इथेच आपण सर्वांत कमी वेळ देतो. नळीच्या आतली कातडी कफ वर ढकलत असते; स्टेंटवर ती नसते. त्यामुळे कफ तिथे थांबतो आणि वाळतो. दिवसातून दोन-तीन वेळा सलाइनचं नेब्युलायझेशन, दररोज, स्टेंट आत असेपर्यंत. बरं वाटतंय म्हणून बंद करायचं नाही. सलाइन औषधाच्या दुकानातलं, निर्जंतुक. घरी मीठ घालून केलेलं पाणी नव्हे. कप रोज धुवून वाळवायचा. नुसती वाफ घेणं म्हणजे हे नव्हे, आणि वाफेच्या पातेल्याने भाजलेली माणसं मी पाहिली आहेत. मशीन घरी न्यायच्या आधी वॉर्डातच, जो माणूस घरी ते करणार आहे त्याच्याकडून करवून घे. बहुतेक घरांत ती सून असते, आणि डिस्चार्जच्या वेळी सगळं समजावून घ्यायला मुलगा उभा असतो. सुनेला बोलव. तिला विचार, घरी वीज किती वेळ जाते. भारनियमन असेल तर बॅटरीवर चालणारं छोटं मशीन सुचव, किंवा वेळा वीज असते तेव्हाच्या लावून दे. चूल घरात असेल तर पेशंटची खाट दुसऱ्या खोलीत. विडी, मिश्री, तंबाखू यांबद्दल काय बोलायचं ते तुला माहीत आहे. फक्त ते रागावून बोलू नकोस.

धोक्याच्या खुणा चार वाक्यांत, मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहून दे. अचानक धाप वाढली. आवाज बदलला. कोरडा खोकला थांबतच नाही. ताजं रक्त पडलं. पहिले दोन-चार दिवस थुंकीत रक्ताची रेघ दिसली तर घाबरायचं नाही, हेही लिही, नाहीतर ते रात्री गाडी करून येतील. तोंडाला घाण वास येऊ लागला तर सांगायला लाजू नका, हेही लिही. स्टेंटवर जंतूंचा थर बसला की असा वास येतो. लोक लाजेने बोलणं कमी करतात, तोंडावर पदर धरतात, पण डॉक्टरला सांगत नाहीत. तक्रार असो-नसो, साधारण महिना-दीड महिन्याने पुन्हा बोलव आणि आत पाहा.

प्रत्येक पेशंटच्या खिशात एक कार्ड हवं, प्लॅस्टिकमध्ये घातलेलं. स्टेंट कोणता, कुठे, लांबी, रुंदी, कधी घातला, तुझा नंबर, आणि एक ओळ इंग्रजीतही: श्वासाची नळी आंधळेपणाने घालू नका. घालावीच लागली तर बारीक नळी, दुर्बिणीच्या नजरेखाली, आणि फुगा स्टेंटमध्ये फुगवायचा नाही. स्टेंटच्या डब्यावरचं स्टिकर केसपेपरवर चिकटव आणि कार्डाचा फोटो मुलाच्या, सुनेच्या आणि शेजाऱ्याच्या मोबाइलमध्ये ठेवायला लाव. १०८ ची गाडी पेशंटला जवळच्या रुग्णालयात नेते, तुझ्याकडेच आणेल असं नाही. म्हणून आसपासच्या ग्रामीण रुग्णालयांतल्या डॉक्टरांनाही एकदा भेटून ये.

तुझ्या स्वतःच्या कॅज्युअल्टीतल्या लोकांनाही बसवून सांग. सिस्टर, मामा, रात्रीचा आरएमओ, सगळे. स्टेंटवाला पेशंट धाप लागून आला की आधी बसवायचं, ऑक्सिजन, सलाइनचं नेब्युलायझेशन, आणि त्याच वेळी तुला फोन. बहुतेक वेळा कफच असतो आणि दुर्बिणीने ओढून काढता येतो. दुर्बीण धुवून, कोरडी करून, किल्लीसह कुठे ठेवली आहे हे रात्रपाळीला माहीत असायला हवं. किल्ली स्टोअरकीपरच्या घरी आणि पेशंट टेबलावर, हे मी पाहिलं आहे, म्हणून सांगते.

पैशाचं पहिल्याच भेटीत बोल. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत पेशंट बसतो का, कोणत्या पॅकेजमध्ये, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भरती करतानाच विचार. स्टेंट घातल्यावर नव्हे. त्या पैशांत पुढच्या तपासण्या, मशीन आणि सलाइन धर. जमीन गहाण टाकून स्टेंट घातला आणि नेब्युलायझरला पैसे उरले नाहीत, असं घर माझ्या पाहण्यात आहे.

नातेवाईक कॉरिडॉरमध्ये हात जोडून म्हणतील, मॅडम, बाबांना काही सांगू नका. त्यांच्यावर चिडू नकोस, पण पूर्ण मानूही नकोस. कॅन्सर हा शब्द कधी, किती, कुणी उच्चारायचा ते त्यांच्याशी बसून ठरव. मात्र ‘तुमच्या श्वासनळीत एक नळी बसवली आहे आणि ती सांभाळायची आहे’ हे बाबांना कळलंच पाहिजे. श्वास त्यांचा आहे, आणि रात्री दोनला सुनेला हाक मारायची की नाही, हे तेच ठरवणार.

काही जणांना स्टेंटने उरलेले महिने बसून जेवता येतं, नातवाशी बोलता येतं, केमोला जाण्याइतकी ताकद येते. त्यांच्यासाठी नक्की घाल. गाठ औषधांनी आणि किरणांनी आटली तर स्टेंट काढूनही टाक. त्यासाठीच काढता येणारा घ्यायचा. पण जो माणूस शेवटच्या दिवसांत आहे, ज्याची दोन्ही फुप्फुसं गाठींनी भरली आहेत, त्याला टेबलावर घेऊ नकोस. त्याला तोंडाने दिलेलं अगदी कमी मात्रेतलं मॉर्फिन, चेहऱ्यावर पंख्याचा वारा, उंच केलेलं डोकं आणि शेजारी बसलेलं माणूस, याने जास्त आराम मिळतो. मॉर्फिनने श्वास बंद पडेल म्हणून तुझ्याच रुग्णालयातले लोक घाबरतील. मोजून, हळूहळू वाढवून दिलं तर तसं होत नाही, हे त्यांना दोन-चार पेशंटमध्ये करून दाखव. २०१४ साली अमली पदार्थांचा कायदा बदलल्यापासून मॉर्फिन ठेवायची परवानगी पूर्वीपेक्षा सोपी झाली आहे. रुग्णालयाला त्यासाठीची मान्यता घ्यावी लागते. तो अर्ज याच महिन्यात कर, आणि मान्यता येईपर्यंत जवळच्या कॅन्सर रुग्णालयातल्या पॅलिएटिव्ह विभागाशी ओळख करून ठेव.